संशय वेगळा, स्वसंरक्षण वेगळं

आज बचतीचा हिशेब नाही, कर्जाचा हप्ता नाही. आजचा विषय आहे स्वसंरक्षणाचा, म्हणजे आपला जीव वाचवण्याच्या हक्काचा.

गटांच्या बैठकांमध्ये दोन प्रश्न नेहमी येतात. पहिला असा : “ताई, रात्री कुणी घरात शिरलं, अंगावर आलं आणि आपण हातात येईल ते मारलं, तर केस आपल्यावरच होते का?” दुसरा असा : “गावात अनोळखी माणूस फिरताना दिसला, तर त्याला धरून चोप द्यायला काय हरकत आहे? आपण आपल्या लेकरांसाठीच करतो ना?”

ऐकायला दोन्ही प्रश्न सारखेच वाटतात. दोन्हींत भीती आहे आणि दोन्हींत आपल्या माणसांची काळजी आहे. पण कायद्याच्या नजरेत त्यांच्यात जमीन-अस्मानाचा फरक आहे. तो फरक कळावा म्हणून आज मी अमेरिकेतली एक घटना सांगणार आहे. तिथे या एका प्रश्नावर सगळा देश भांडत होता. ती सांगून झाली की आपल्या कायद्याकडे येऊ.

अमेरिकेत फ्लोरिडा नावाचं राज्य आहे. तिथल्या सॅनफर्ड गावात, कुंपण आणि फाटक असलेल्या एका वसाहतीत लोकांनी मिळून पहारा सुरू केला होता. आपल्याकडे ग्रामसुरक्षा दल असतं ना, त्यातलाच प्रकार समजा. वसाहतीत त्याआधी काही घरफोड्या झाल्या होत्या. पहाऱ्याचं काम बघणारा जॉर्ज झिमरमन हा २८ वर्षांचा तरुण होता. त्याच्याकडे परवान्याचं पिस्तूल होतं.

२६ फेब्रुवारी २०१२ ची संध्याकाळ. पाऊस पडत होता. ट्रेव्हॉन मार्टिन नावाचा १७ वर्षांचा कृष्णवर्णीय मुलगा दुकानातून गोळ्यांचं पाकीट आणि सरबताचा डबा घेऊन परत येत होता. तो वडिलांबरोबर त्याच वसाहतीत पाहुणा म्हणून आलेला होता. अंगात टोपीचा स्वेटर, आणि पावसात एकटाच चाललेला. झिमरमनला त्याचा संशय आला. त्याने गाडीतूनच पोलिसांना फोन लावला. बोलता बोलता तो गाडीतून उतरला आणि मुलाच्या मागे निघाला. पलीकडच्या कर्मचाऱ्याने विचारलं, तुम्ही त्याच्या मागे जाताय का? तो हो म्हणाला. तेव्हा त्याला सांगण्यात आलं की तुम्ही तसं करण्याची आम्हाला गरज नाही.

पुढच्या काही मिनिटांत दोघांची झटापट झाली आणि झिमरमनने गोळी झाडली. ती मुलाच्या छातीत लागली. मुलाजवळ कुठलंही हत्यार नव्हतं. तो जागीच गेला. झिमरमनच्या नाकाला आणि डोक्याच्या मागच्या बाजूला जखमा होत्या. त्याचं म्हणणं असं, की मुलाने मला खाली पाडलं, माझं डोकं सिमेंटवर आपटलं, माझा जीव जाणार होता म्हणून मी गोळी झाडली. सुरुवातीपासून शेवटपर्यंत सगळं पाहिलेला साक्षीदार एकही नव्हता. आणि ज्याने दुसरी बाजू सांगितली असती, तो या जगात नव्हता.

पोलिसांनी झिमरमनला चौकशीला नेलं आणि त्याच रात्री सोडून दिलं. का? तर तिथला कायदा. हा कायदा नीट समजून घ्या, कारण सगळा वाद त्याच्यावरच झाला.

पूर्वी तिथे असा नियम होता : घराबाहेर कुणी अंगावर आलं आणि तुम्हाला सुखरूप मागे सरता येत असेल, तर आधी मागे सरा. जीवघेणा वार हा अगदी शेवटचा उपाय. २००५ साली फ्लोरिडाने हा नियम बदलला. नवा कायदा म्हणाला, जिथे असण्याचा तुम्हाला हक्क आहे तिथून मागे हटायची गरज नाही. आपल्याला ठार मारलं जाईल किंवा मोठी इजा होईल असं रास्तपणे वाटलं, तर तिथेच उभं राहून प्राणघातक बळ वापरता येईल. पुढे अमेरिकेतल्या अनेक राज्यांनी असेच कायदे केले.

मुलाच्या आईवडिलांनी गप्प बसायचं नाकारलं. अटकेची मागणी करणाऱ्या अर्जावर वीस लाखांहून जास्त लोकांनी सह्या केल्या. गावोगाव लोक टोपीचे स्वेटर घालून मोर्चात उतरले. मला मुलगा असता तर तो असाच दिसला असता, असं तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष बराक ओबामा म्हणाले. शेवटी दीड महिन्याने, ११ एप्रिलला झिमरमनला अटक झाली आणि खुनाचा खटला उभा राहिला.

तिथे आरोपी दोषी की निर्दोष हे सामान्य नागरिकांतून निवडलेले पंच ठरवतात. या खटल्यात सहा पंच होते आणि सहाही बायका होत्या. १३ जुलै २०१३ रोजी त्यांनी निकाल दिला : निर्दोष.

असा निकाल कसा लागला? फ्लोरिडात आरोपीने स्वसंरक्षणाचा मुद्दा मांडला, की ते स्वसंरक्षण नव्हतं हे संशयाला जागा न ठेवता सरकारने सिद्ध करायचं असतं. साक्षीदार नाही, मुलगा बोलायला नाही, मग सिद्ध करणार कसं? शिवाय नुसतं कुणाच्या मागे चालत जाणं हा तिथे गुन्हा नव्हता. म्हणून सगळा प्रश्न झटापटीच्या शेवटच्या क्षणावर येऊन थांबला : त्या क्षणी त्याला जिवाची भीती वाटली का? त्याआधी तो गाडीतून का उतरला, हा प्रश्न मागे पडला.

देशाचं भांडण नेमकं इथे झालं. एक बाजू म्हणाली, जमिनीवर पडून मार खाणाऱ्या माणसाने कायद्याचं पुस्तक उघडून बसायचं का? जीव वाचवण्याचा हक्क सगळ्यांना आहे आणि पुरावा नसताना कुणाला तुरुंगात टाकता येत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. दुसरी बाजू म्हणाली, संशय तुम्ही घेतलात, मागे तुम्ही लागलात, पिस्तूल तुमच्याकडे होतं. अंधारात अनोळखी माणूस मागे लागल्यावर त्या मुलालाही भीती वाटली असेल. त्याच्या स्वसंरक्षणाचं काय? हाच मुलगा गोरा असता तर त्याचा संशय आला असता का? निकालानंतर तीन कृष्णवर्णीय स्त्रियांनी ‘कृष्णवर्णीयांच्या जिवालाही मोल आहे’ ही हाक दिली. पुढे ती जगभर गेली.

त्याच फ्लोरिडातली एका बाईची गोष्ट ऐका. मरिसा अलेक्झांडर तिचं नाव. बाळंत होऊन तिला नऊच दिवस झाले होते. २०१० साली, पूर्वी मारहाण केलेल्या नवऱ्याशी तिचं भांडण झालं. ती गॅरेजमध्ये गेली, परवान्याचं पिस्तूल घेऊन घरात परत आली आणि तिने इशाऱ्याची एक गोळी भिंतीकडे झाडली. कुणाला खरचटलंही नाही. मला जिवाची भीती होती, असं ती सांगत राहिली. कोर्टाने ते मानलं नाही. भीती होती तर परत घरात कशाला आलीस, हा प्रश्न तिच्यासमोर ठेवला गेला. मे २०१२ मध्ये तिला २० वर्षांची शिक्षा झाली. लोकांनी आवाज उठवला, वरच्या कोर्टाने फेरखटल्याचा आदेश दिला, आणि तीन वर्षं तुरुंगात काढल्यावर तडजोडीने ती बाहेर आली. २०१४ साली तिथल्या कायद्यात दुरुस्तीही झाली.

दोन्ही खटल्यांचे पुरावे वेगळे होते, हे खरं. पण बायकांनी विचारलेला प्रश्न आजही उभा आहे : कायदा भीती मोजतो, तेव्हा कुणाची भीती खरी धरतो?

याच्या उलटही घडलं. फ्लोरिडाशेजारच्या जॉर्जिया राज्यात २०२० साली तिघा गोऱ्या पुरुषांनी, पळण्याचा व्यायाम करणाऱ्या अहमद आर्बरी या २५ वर्षांच्या कृष्णवर्णीय तरुणाचा चोर समजून गाड्यांतून पाठलाग केला, वाट अडवली आणि त्याला गोळ्या घातल्या. त्यांनीही स्वसंरक्षणाचंच कारण सांगितलं. पण इथे चित्रफीत होती. पंचांनी तिघांनाही खुनासाठी दोषी धरलं आणि त्यांना जन्मठेप झाली. पाठलाग तुम्ही करायचा, अडवायचं तुम्ही आणि वर स्वसंरक्षण म्हणायचं, हे तिथे चाललं नाही.

आता आपल्याकडे येऊ. आपल्या भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ स्वसंरक्षणाबद्दल आहेत. १ जुलै २०२४ पूर्वी हेच नियम भारतीय दंड संहितेत ९६ ते १०६ या कलमांत होते. सोप्या भाषेत सांगते.

स्वतःचं शरीर, दुसऱ्याचं शरीर आणि मालमत्ता वाचवण्याचा हक्क आपल्याला आहे. मोठ्या संकटात तर हल्लेखोराचा जीव गेला तरी तो गुन्हा ठरत नाही. ती संकटं कायद्याने मोजून दिली आहेत : जीव जाण्याची किंवा जबर दुखापतीची भीती, बलात्काराचा हल्ला, पळवून नेण्याचा हल्ला, ॲसिड फेकणं किंवा फेकायचा प्रयत्न आणि आणखी काही. हल्ला झाला तर पळून गेलंच पाहिजे, अशी सक्ती आपला कायदाही करत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली दर्शन सिंग खटल्यात हे स्पष्ट केलं आहे. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर : घरात शिरून अंगावर येणाऱ्याला तुम्ही मारलंत तर चौकशी होईल, पण कायदा तुमच्या बाजूने उभा राहू शकतो.

मात्र या हक्काला तीन वेसणी आहेत. एक, पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर हा हक्क मिळत नाही. दोन, बचावाला लागेल तेवढंच बळ वापरायचं. तीन, धोका संपला की हक्कही संपला. चोर पळाला, किंवा त्याला बांधून बसवलं, त्यानंतर मारलेली काठी स्वसंरक्षणाची नाही. ती मारहाण झाली. आणि एक लक्षात ठेवा, आपल्याकडे स्वसंरक्षण होतं हे दाखवायची जबाबदारी आरोपीवर असते. म्हणून असा प्रसंग आलाच तर लगेच पोलिसांना कळवा, जखमांची सरकारी दवाखान्यात नोंद करा आणि वकील मागा. बाईला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते. त्यासाठी तालुक्याच्या विधी सेवा समितीकडे जा, किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करा.

आता दुसरा प्रश्न, अनोळखी माणसाचा. त्याचं उत्तर आपल्याच राज्यात रक्ताने लिहिलं गेलं आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात, साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात, आठवडी बाजाराच्या दिवशी नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण जमावाने ठार मारले. मुलं पळवणारी टोळी आल्याची अफवा मोबाइलवर फिरत होती, तेवढंच कारण. ते पाचजण भिक्षा मागून पोट भरणारे होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून त्यांना मारलं. कोंडलेल्या माणसापासून कुणाला धोका होता? तिथे स्वसंरक्षण कुठे होतं? आईची काळजी खरी असते, पण अफवेवर उठलेला हात खुनाचा हात होतो. आणि संशय नेहमी कुणावर येतो, तेही बघा. पाल टाकून राहणाऱ्यावर, भिक्षेकऱ्यावर, परक्या भाषेच्या मजुरावर. सॅनफर्डमध्ये तो कातडीच्या रंगावरून आला, असं लोक म्हणाले. आपल्याकडे तो कपड्यांवरून आणि जातीवरून येतो.

आपल्याला कुणाला पकडता येतच नाही का? येतं. डोळ्यांदेखत गंभीर, अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला कुणीही नागरिक धरू शकतो. पण उगाच वेळ न लावता, फार तर सहा तासांच्या आत त्याला पोलिसांच्या ताब्यात द्यावंच लागतं. नुसत्या संशयावर धरायचा हक्क नाही आणि मारायचा तर कधीच नाही.

तेव्हा तुमच्या गावात रात्रीची गस्त सुरू असेल किंवा होणार असेल, तर ग्रामसभेत गटाने पुढाकार घेऊन चार गोष्टी ठरवून घ्या. गस्तीच्या माणसांची नावं पोलीस ठाण्यात आणि पोलीस पाटलांकडे असावीत. गस्तीला शिट्टी, बॅटरी आणि फोन पुरे, हत्यार नको. अनोळखी माणूस दिसला तर लांबून विचारपूस करायची, ११२ ला फोन लावायचा, मागे लागायचं नाही. आणि मोबाइलवर आलेला ‘टोळी आली’ असा निरोप पोलिसांना विचारल्याशिवाय पुढे पाठवायचा नाही.

पुढच्या बैठकीत हप्ते गोळा झाले की हा लेख मोठ्याने वाचा आणि दोन्ही प्रश्नांवर बोला. कुणी अंगावर आलं तर आपला हक्क किती, हे प्रत्येकीला माहीत हवं. आणि आपल्या दारावरून जाणाऱ्या अनोळखी पोरालाही सुखरूप घरी पोचायचा तेवढाच हक्क आहे, हेही माहीत हवं.