दोन वेतांमधले दिवस

कागल तालुक्यात वेदगंगेच्या काठी वसलेल्या मुरगूड परिसरात ऊस आणि दूध हे दोन व्यवसाय एकमेकांच्या आधाराने वाढले असून, उसाची वाढी दावणीला आणि गोठ्यातले शेण उसाच्या रानात, असे त्यांचे देणेघेणे पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे. १९६३ साली स्थापन झालेल्या कोल्हापूर जिल्हा सहकारी दूध उत्पादक संघाने, म्हणजेच ‘गोकुळ’ने, गावोगावच्या दूध संस्थांमार्फत या दुधाला बाजारपेठ मिळवून दिली आणि उत्पादकाचा हिशेब लिटर, फॅट व दर या तीन आकड्यांत मांडला जाऊ लागला. जीवशास्त्राच्या दृष्टीने मात्र या व्यवसायाचे खरे माप लिटर नसून वेत हे आहे. वेत म्हणजे जनावराचे एकदा विणे आणि त्यानंतरचा दुधाचा काळ. जनावर व्यायल्याशिवाय कासेत दूध उतरत नाही आणि पुन्हा गाभण न राहता दूध आटले, तर ते भाकड होऊन नुसत्या चाऱ्याचे धनी होते.

हा हिशेब गायीसाठी आणि म्हशीसाठी सारखा नाही, आणि जेथे म्हशीच्या दुधाची प्रतिष्ठा मोठी आहे त्या कोल्हापूर जिल्ह्यात हा फरक विशेष महत्त्वाचा ठरतो. गायीचा गाभणकाळ सुमारे २८० दिवसांचा, तर म्हशीचा सुमारे ३१० दिवसांचा असतो. वर्षाला एक वेत साधायचे असेल, तर व्यायल्यानंतर पुन्हा गाभण राहण्यासाठी गायीला ८५ दिवस मिळतात. म्हशीला जेमतेम ५५. त्यातले पहिले चाळीसएक दिवस गर्भाशय आकसून पूर्वस्थितीला येण्यातच जातात आणि माजाचे चक्र २१ दिवसांचे असते, हे लक्षात घेतले तर म्हशीच्या हाती पुरती एक पाळीही उरत नाही. म्हैस वर्षाआड वेत देते म्हणून तिला आळशी ठरवणे, हा तिच्यावर अन्याय आहे.

त्यात भर पडते ती मुक्या माजाची. माज म्हणजे मादीच्या अंडाशयात बीज पक्व होत असताना दिसणारी समागमेच्छा. गाय त्या काळात हंबरते, इतर जनावरांवर चढते, वैरण टाकते. म्हशीत ही लक्षणे पुष्कळदा इतकी मंद असतात की स्वच्छ, चिकट सोटाची एखादी तार आणि किंचित कमी झालेले दूध एवढ्यावरच माज ओळखावा लागतो. शिवाय म्हशीच्या प्रजननावर दिवसाच्या लांबीचा आणि उष्म्याचा प्रभाव असल्याने उन्हाळ्यात माज दबतो व दिवस लहान होऊ लागले की पुन्हा उघड होतो. माज संपल्यानंतर साधारण दहा-बारा तासांनी बीज सुटत असल्यामुळे सकाळी माज दिसलेले जनावर संध्याकाळी आणि संध्याकाळी दिसलेले दुसऱ्या सकाळी भरवावे, असा नियम पडला आहे. उणे १९६ अंश सेल्सिअस तापमानाच्या द्रवरूप नत्रात गोठवलेली, पाव मिलिलिटर रेताची कांडी गोठ्यापर्यंत पोहोचवणारी कृत्रिम रेतनाची व्यवस्था कितीही चोख असली, तरी माज हुकला की २१ दिवस हुकले.

वासरू जन्मल्यावर घाई वेगळ्या कारणाने करावी लागते. मानवी मातेच्या रक्तातील प्रतिपिंडे, म्हणजे रोगजंतूंना ओळखून निकामी करणारी प्रथिने, वारेतून गर्भाला मिळतात. गायी-म्हशींच्या वारेची रचना अशी असते की ती पलीकडे जाऊ शकत नाहीत, आणि त्यामुळे वासरू जवळजवळ निःशस्त्र जन्माला येते. ही उणीव चीक, म्हणजे व्यायल्यानंतरचे पहिले दाट दूध, भरून काढतो; पण वासराच्या आतड्यातून अखंड प्रतिपिंडे शोषली जाण्याची सोय तासागणिक कमी होत जाऊन सुमारे २४ तासांत बंद होते. म्हणून वजनाच्या एकदशांश चीक पहिल्या दिवसात, आणि त्यातला पहिला वाटा दोन तासांच्या आत पाजणे आवश्यक असते. वार पडेपर्यंत वासराला कासेला न लावण्याची जुनी समजूत या दृष्टीने घातक आहे. खरवसाने मात्र पुढच्या धारांपर्यंत थांबायला हरकत नाही.

वाढत्या वासराला वय आणि कामानुसार वेगळे नाव मिळते. गायीची मादी ती कालवड आणि नर तो गोऱ्हा, जो पुढे खोंड होतो. खच्ची केला तर बैल, पैदाशीसाठी राखला तर वळू. म्हशीचे पिल्लू रेडकू, त्यातली मादी रेडी आणि वाढलेला नर रेडा. बाजारात वय दातांवरून ठरते: दुधाचे दात असलेले जनावर आदत, आणि दोन वर्षांच्या सुमारास पुढचे दोन कायमचे दात आले की दोनदाती. म्हशीत हेच दात उशिरा येतात. जुळ्यातली कालवड घेताना मात्र दातांपेक्षा तिच्या भावंडाची चौकशी आधी करावी, कारण गर्भाशयात दोघांच्या रक्तवाहिन्या जोडल्या जाऊन नराकडील संप्रेरके मादीच्या प्रजननेंद्रियांची वाढ खुंटवतात आणि नराबरोबर जन्मलेल्या दहांपैकी नऊहून अधिक कालवडी वांझ निघतात.

बेंदराच्या सणाला बैलांची शिंगे रंगवली जात असली, तरी शेतीकाम ट्रॅक्टरकडे गेल्यापासून संकरित गोऱ्ह्याला आणि नर रेडकाला गोठ्यात जागा उरलेली नाही. लिंगनिर्धारित रेत हा त्यावरचा उपाय. वळूच्या रेतातील मादीकारक शुक्राणूत नरकारकापेक्षा सुमारे चार टक्के अधिक डीएनए असतो आणि रंगद्रव्य व लेसर किरण यांच्या साहाय्याने हा फरक मोजून शुक्राणू वेगळे केल्यास सुमारे ९० टक्के वेळा मादी वासरू मिळते. मात्र निवडीच्या प्रक्रियेत शुक्राणूंची संख्या आणि जोम घटत असल्याने गर्भधारणेचे प्रमाण साध्या रेतापेक्षा कमी राहते. त्यामुळे ही महाग कांडी नियमित माजावर येणाऱ्या तरुण कालवडींसाठी वापरणे शहाणपणाचे, आणि मुक्या माजाच्या म्हशीसाठी ती वापरण्यापूर्वी गोठ्यात सकाळ-संध्याकाळ फेरी मारून तिचा माज टिपण्याची सवय लावणे अधिक गरजेचे.