व्हीलचेअरवर बसून गळ टाकता येतो का?

परदेशात पाईक हा शिकारी मासा गळाने पकडणं हा अनेकांचा छंद आहे. कृष्णेत पाईक नाही, पण तसाच दबा धरून शिकार करणारा मरळ आहे.

चालता न येणाऱ्यांना हे जमेल? हो. मरळ पाणवनस्पतींच्या आडोशाला थांबतो आणि हवा घ्यायला वर येतो. त्यामुळे एका जागी शांत बसणाऱ्यालाही त्याचा ठावठिकाणा कळतो. हातात ताकद कमी असेल, तर खुर्चीला रॉड होल्डर बसवता येतो.

मग अडतं कुठे? पाण्यापर्यंत पोहोचण्यात. वाई असो वा सांगली, घाट म्हणजे पायऱ्याच पायऱ्या. १२ फुटांत १ फूटच चढणारा रॅम्प, सपाट ओटा आणि कडेला कठडा असेल, तर काम भागतं. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानुसार करमणुकीत समान सहभाग हाही हक्क आहे.

काळजी काय घ्याल? भिलवडी-औदुंबर पट्ट्यात कृष्णेत मगरी आहेत. खुर्ची झटकन मागे घेता येत नाही, त्यामुळे तिथे काठावर बसूच नका. पावसाळ्यात नदी टाळा. त्यापेक्षा ओळखीचं गावतळं बरं. मासेमारीचा ठेका कुणाकडे आहे ते विचारा, सोबत एकाला न्या आणि गळ टाकण्याआधी खुर्चीचा ब्रेक लावा.