लॉजिस्टिक्स मॅनेजर : गोदामापासून केबिनपर्यंत

जानेवारी ते एप्रिल हा द्राक्षांच्या निर्यातीचा हंगाम. निफाड किंवा दिंडोरीच्या पॅकहाऊसमध्ये द्राक्षे थंड करून पेट्यांत भरली जातात आणि शीतकंटेनरमध्ये चढतात. तेथून ती न्हावा शेवा बंदरात येतात आणि जहाजाने युरोपातील रॉटरडॅमला जातात. सर्व प्रवासात तापमान शून्य अंशाच्या आसपास राहिले पाहिजे. जहाजासाठी बंदराचे दार बंद होण्याआधी कंटेनर आत शिरला पाहिजे. कस्टमचे शिपिंग बिल, मालाची यादी, पीक रोगमुक्त असल्याचे प्रमाणपत्र ही सर्व कागदपत्रे एकमेकांशी जुळली पाहिजेत. यादीत पेट्यांचा एक आकडा आणि कंटेनरात दुसरा निघाला तर माल अडकतो, जहाज मात्र कोणासाठी थांबत नाही. पुढचे जहाज मिळेपर्यंत कंटेनर बंदरातील विजेवर उभा असतो, त्याचे भाडे रोज चढते आणि आत द्राक्षांचे देठ सुकू लागतात.

हे सर्व जुळवून आणणाऱ्या माणसास लॉजिस्टिक्स मॅनेजर म्हणतात.

पुष्कळांची समजूत अशी की, ट्रकवाल्यांना फोन करणारा तो मॅनेजर. फोन तो करतोच, पण त्याचे खरे काम निर्णयाचे आहे. माल कोठे साठवावा, किती साठवावा, कोणत्या मार्गाने आणि काय भावाने पाठवावा, हे त्याला ठरवायचे असते. नोव्हेंबर 2023 पासून तांबड्या समुद्रात जहाजांवर हल्ले सुरू झाले, तेव्हा बहुतेक मोठ्या कंपन्यांनी सुवेझ कालव्याचा मार्ग सोडून जहाजे आफ्रिकेला वळसा घालून नेली. 2024 च्या हंगामात युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचे दहा-पंधरा दिवस त्यामुळे अधिक गेले. एवढे दिवस कोणता माल टिकेल, कोणता पाठवूच नये, वाढलेल्या भाड्याचा बोजा कोणी उचलायचा, याचा हिशेब त्या वेळी याच लोकांना रातोरात करावा लागला.

दुसरे उदाहरण घरगुती आहे. भिवंडीहून इंदूरला ट्रक माल घेऊन गेला आणि रिकामा परतला, तर परतीच्या डिझेलचा खर्च ट्रान्सपोर्टवाला आपल्याच भाड्यात धरतो, मग बिलात तो वेगळा लिहिलेला असो वा नसो. इंदूरहून भिवंडीला येणारा माल आधी शोधून ठेवला, तर तोच मालक कमी भाड्यात तयार होतो. ड्रायव्हर, क्लीनर आणि बुकिंग एजंट यांना ही गोष्ट तोंडपाठ असते. कॉलेजातून थेट आलेल्या पदवीधराला ती समजायला वर्ष लागते. वाहतुकीच्या धंद्यात वाढलेल्या मुलांनी आपले हे भांडवल कमी समजू नये.

भिवंडीचे नाव आम्ही मुद्दाम घेतले. 1 जुलै 2017 पूर्वी दुसऱ्या राज्यातील विक्रीवर केंद्रीय विक्रीकर लागत असे. तो चुकविण्यासाठी कंपन्या राज्याराज्यांत लहान गोदामे ठेवीत. जी.एस.टी. आल्यावर ती गरज संपली आणि मोक्याच्या ठिकाणी मोठी गोदामे ठेवणे परवडू लागले. मानकोली, रहनाळ, काल्हेर, वळ, पूर्णा या भागांत आज जो गोदामांचा पसारा दिसतो, त्यात या बदलाचा मोठा वाटा आहे. तेथे आसपासच्या वस्त्यांतील मुले माल उतरवितात, पॅकिंग करतात, टेम्पो चालवितात. त्यांतील किती जण काचेच्या केबिनमध्ये गेले, हे त्या भागातील वाचकांनी स्वतःच मोजून पाहावे. आड येते ते बहुधा कागद आणि संगणक. या दोन्ही गोष्टी शिकता येण्यासारख्या आहेत.

बारावी झालेल्या मुलाने गोदामात आवक-जावक नोंदीच्या जागेपासून सुरुवात करावी. पगार थोडा असतो, पण नोंदवहीतला साठा आणि फळीवरचा साठा यांत फरक का पडतो, हे तेथेच समजते. संगणकावर हिशेबाचे तक्ते करणे त्याच वर्षी शिकून घ्यावे. दुसरी वाट कस्टम ब्रोकरच्या कार्यालयातून जाते. बारावीनंतर तेथे ‘एच’ कार्डावर मदतनीस म्हणून काम करता येते. पुढे परीक्षा देऊन ‘जी’ कार्ड मिळते. पदवी आणि ‘जी’ कार्डावरचा दोन वर्षांचा अनुभव असेल तर स्वतःच्या परवान्याच्या परीक्षेस बसता येते. घरच्या मुलींनाही कागदपत्रांचे हे काम चांगले जमण्यासारखे आहे.

पदवीधरांसाठी बेलापूर येथे मुख्य कार्यालय असलेल्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ मटेरियल्स मॅनेजमेंटचे पदविका अभ्यासक्रम आहेत, ते नोकरी सांभाळून करता येतात. ज्यांची झेप मोठी आहे त्यांनी पवईच्या आय.आय.एम. मुंबईकडे पाहावे. पूर्वीची ‘निटी’ ती हीच. मात्र गल्लीबोळांत लॉजिस्टिक्सची प्रमाणपत्रे विकणारे वर्गही निघाले आहेत. फी भरण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : प्रत्यक्ष काम कोणत्या गोदामात आणि किती महिने शिकविणार? उत्तर गोलमाल आले तर परत फिरावे.

या नोकरीत रात्रीची झोप आपली नसते, हेही घरच्यांना आधी सांगून ठेवावे.

मुलाखतीत पाठांतर फारसे कामी येत नाही. असा प्रश्न येऊ शकतो : भिवंडीहून इंदूरला निघालेला ट्रक रात्री दोन वाजता धुळ्याजवळ बंद पडला, काय कराल? दुसरी गाडी पाहीन, एवढे उत्तर अपुरे आहे. राज्याबाहेर जाणाऱ्या 50 हजार रुपयांवरील करपात्र मालाला ई-वे बिल लागते आणि त्यावर गाडीचा नंबर असतो. माल दुसऱ्या गाडीत चढविल्यावर नवा नंबर बिलात भरल्याशिवाय गाडी हलवू नये, नाहीतर तपासणीत ती अडकते आणि कराच्या दुप्पट दंड बसू शकतो. बिलाची मुदत दर 200 किलोमीटरला एक दिवस असते, ती संपत आली असेल तर वाढवून घ्यावी. माल चढविताना नग मोजावेत, जुन्या आणि नव्या सीलचे फोटो घ्यावेत, बिल्टीवर बदल लिहून घ्यावा. आणि इंदूरच्या ग्राहकाला फोन करावा तो उजाडण्यापूर्वी, म्हणजे त्याने सकाळी उतरवून घ्यायला बोलाविलेले हमाल रिकामे बसणार नाहीत.