राष्ट्रपतिपदाच्या चुरशीच्या निवडणुकीचे भाकीत
पोंभुर्ण्याचा मतदार राष्ट्रपती थेट निवडत नाही. त्याने निवडून दिलेले आमदार व खासदार पसंतीक्रमाने मत देतात. म्हणून भाकीत करताना केवळ पहिली पसंती पाहणे पुरेसे नसते. १९६९ मध्ये विजयासाठी ४,१८,१६९ मतमूल्य आवश्यक होते. पहिल्या पसंतीत व्ही. व्ही. गिरी यांना ४,०१,५१५, नीलम संजीव रेड्डी यांना ३,१३,५४८, तर महाराष्ट्राचे चिंतामणराव देशमुख यांना १,१२,७६९ मते मिळाली. गिरींची आघाडी सुमारे ८८ हजारांची होती. परंतु बाद झालेल्या उमेदवारांची पुढील पसंती बहुतांशी रेड्डींकडे वळली. अखेर गिरी ४,२०,०७७ विरुद्ध ४,०५,४२७ असे जेमतेम विजयी झाले. तात्पर्य, कोणालाही निर्धारित मतमूल्य न मिळाल्यास तिसऱ्या उमेदवाराच्या मतदारांची दुसरी पसंतीच निर्णायक ठरते.