३३३चा गैरसमज

हातातल्या गेम कन्सोलचा वेग वाढवण्याची गोष्ट निघाली की एक आकडा हमखास कानावर पडतो: ३३३. सोनीचा पीएसपी २००४ साली जपानात आला तेव्हा त्याचा प्रोसेसर ३३३ मेगाहर्ट्झला चालण्यासाठी बनवलेला होता, पण गेमना मुभा २२२ पर्यंतचीच होती. हौशी मंडळींनी कस्टम फर्मवेअर टाकून ते कुलूप काढलं, जुन्या कन्सोलची नक्कल करणारे एम्युलेटर त्यावर धावू लागले आणि ‘कंपनी मुद्दाम कमी देते, आपण वाढवून घ्यायचं’ हा समज तेव्हापासून पक्का झाला. आज खिशात मावणारी चिनी कन्सोलं स्वस्तात मिळतात आणि त्यांनाही हाच न्याय लावला जातो. पण ३३३ हा ओव्हरक्लॉकचा, म्हणजे ठरलेल्या वेगापलीकडे चिप पळवण्याचा, पुरावाच नव्हे. मे २००७च्या ३.५० फर्मवेअरमध्ये सोनीनेच ती मर्यादा उठवली. म्हणजे ३३३ हा त्या चिपचा ठरलेला वेग होता, फक्त बॅटरी वाचवण्यासाठी राखून ठेवलेला. अशाच एका स्वस्त कन्सोलमधली, मियू मिनीतली, १.२ गिगाहर्ट्झची चिप १.६ वर नेणं ही निराळी गोष्ट. तिथे राखीव काही नसतं, निर्मात्याने दिलेली हमी आपण ओलांडत असतो. बिघाड शोधायला बसलेल्याने हा फरक आधी धरला नाही तर पुढचं सगळं शोधकाम भलत्याच दिशेला जातं.

मुळात एम्युलेटरला वेग लागतो कशाला? सुपर निन्टेन्डोचा प्रोसेसर जास्तीत जास्त ३.५८ मेगाहर्ट्झला चालायचा. तरी बीएसनेस हा एम्युलेटर लिहिणाऱ्या बायूने २०११ साली मांडलं होतं की त्या यंत्राची तंतोतंत नक्कल करायची तर ३ गिगाहर्ट्झच्या आसपासचा संगणक हवा, म्हणजे आठशे पटींहून अधिक. जुन्या यंत्रात प्रोसेसर, चित्र काढणारी चिप आणि आवाजाची चिप एकाच वेळी चालतात. एम्युलेटरला त्या सगळ्यांची कामं आळीपाळीने, क्रम न चुकवता करावी लागतात. बोरघाटात १ : ३७ चा चढ आहे म्हणून कर्जतला रेल्वेगाडीच्या मागे बँकर, म्हणजे ढकलणारं जादा इंजिन, लावतात आणि लोणावळ्याला सोडतात, पुढच्या इंजिनाला त्याच्या क्षमतेपलीकडे कुणी पिटाळत नाही. एम्युलेटरला असा बँकर सहसा लावता येत नाही. चार कोअरची चिप असली तरी मुख्य काम एकाच कोअरच्या गळ्यात पडतं, बाकीचे बरेचसे बसून राहतात. म्हणून लोक त्या एकाचाच वेग वाढवायला जातात. मोह समजण्यासारखा आहे.

तो वेग कमी पडतोय हे डोळ्याआधी कानाला कळतं. साठ फ्रेमच्या गेममध्ये एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद मिळतात आणि सेकंदाला ४४,१०० नमुन्यांचा आवाज असेल तर तेवढ्यात ७३५ नमुने तयार व्हावे लागतात. एखादी फ्रेम चुकली तर डोळा सांभाळून घेतो. ७३५ नमुने वेळेत आले नाहीत तर मात्र साठा रिकामा होतो आणि आवाज फाटतो, तव्यावर पाणी शिंपडल्यासारखा. या कामात सगळ्यात जास्त माहिती देणारी गोष्ट हीच. गर्दीच्या दृश्यात फाटतो आणि दृश्य सरलं की सावरतो, तर प्रोसेसर खरंच कमी पडतोय. सुरुवातीला नीट असतो आणि वीस-पंचवीस मिनिटांनी फाटू लागतो, तर चिप तापून स्वतःच वेग उतरवते आहे. अशा वेळी घड्याळ, म्हणजे चिपचा ठरवलेला वेग, आणखी वर नेलं की ती आणखी लवकर उतरते. अधूनमधून, कशाशीच संबंध नसल्यासारखा अडखळतो, तर मेमरी कार्डावर संशय घ्यावा. स्वस्त कन्सोलसोबत येणारी बिननावाची कार्डं या बाबतीत कुप्रसिद्ध आहेत आणि सेव्ह फाइल गिळण्यात त्यांचा हात कुणी धरणार नाही.

गेम बंदच पडत असेल तर विचारायचा प्रश्न एकच: दर वेळी त्याच जागी पडतो का? त्याच जागी पडत असेल तर रॉमची, म्हणजे गेमच्या फाइलची, प्रत खराब आहे किंवा एम्युलेटरची नक्कल तिथे तोकडी आहे. त्याचा वेगाशी संबंध नाही. वेगवेगळ्या जागी पडत असेल तर यंत्र चुकतंय: घड्याळ, व्होल्टेज, उष्णता किंवा कार्ड. हे ठरवायचं तर कन्सोल आधी मूळ वेगावर आणावं लागतं, आणि नेमकं हेच कुणाला नको असतं. मूळ वेगावर गेम रडतखडत चालतो, मग त्यातून काय कळणार, असं म्हणतात. कळतं ते असं, की संथ चालणं आणि चुकीचं चालणं हे दोन वेगळे आजार आहेत. ओव्हरक्लॉक पहिल्यावर उतारा देतो आणि दुसऱ्याला जन्म देतो. दोन्ही एकत्र असताना कोणता कुठला हे सांगता येत नाही. मूळ वेगावर तासभर संथ पण बिनचूक चाललेलं यंत्र निरोगी असतं. त्यानंतर घड्याळ एकेक पायरी वर नेत जायचं.

लोणावळा-तळेगावच्या मावळ पट्ट्यात या तपासणीला हवामानही फाटे फोडतं. चिपचं तापमान म्हणजे भोवतालचं तापमान आणि त्यावर तिची स्वतःची भर. ही भर थोडी नसते, कारण चिप खाते ती वीज वेगाच्या प्रमाणात वाढते आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणातही. १.२ वरून १.६ ला जाणं म्हणजे वेगात एक तृतीयांश वाढ. त्यासाठी व्होल्टेज दहा टक्के चढवावं लागलं तर वीज साठेक टक्क्यांनी वाढते, आणि पंखा नसलेल्या प्लॅस्टिकच्या डबीत ती सगळी उष्णता होऊन अडकते. खंडाळ्याच्या जुलैत स्थिर वाटलेल्या वेगावर कन्सोल तळेगावच्या मे महिन्यात दुपारी हँग होऊ शकतं. बिघडलं काहीच नसतं, भोवतालचे दहा-बारा अंश तेवढे वाढलेले असतात. पावसाळ्यात आणखी एक गंमत. लोणावळ्याच्या दमट हवेत बटणाखालच्या रबराचे संपर्क ओलसर आणि मळकट होतात, दाबलेलं बटण उशिरा लागतं, खेळणारा त्याला ‘लॅग’ म्हणतो आणि प्रोसेसरचा वेग वाढवतो. खरा इलाज आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये बुडवलेला कापसाचा बोळा. त्याचा तो नाकात जाणारा दवाखानी वास मला कुठल्याही सेटिंगपेक्षा भरवशाचा वाटतो. जुनी बॅटरीही असंच फसवते: वेग आणि उजेड दोन्ही वर असताना तिचं व्होल्टेज बसतं आणि यंत्र बंद पडतं. चार्जर जोडल्यावर तक्रार थांबली तर दोष घड्याळाचा नाही. मात्र बॅटरी फुगलेली दिसली तर चार्जर जोडून पाहायचंच नाही.

मूळ वेगापासून सुरुवात करण्यावरचा सगळ्यात वजनदार आक्षेप पुन्हा ३३३कडेच नेतो. कंपन्या राखून ठेवतात हे खोटं आहे का? खोटं नाही. निन्टेन्डो स्विचचा प्रोसेसर खेळताना १०२० मेगाहर्ट्झला बांधलेला असतो. २०१९च्या फर्मवेअरपासून मात्र काही गेम लोड होताना निन्टेन्डो स्वतःच तो १७८५ला नेते. पण ही राखीव ताकद कुठे संपते हे प्रत्येक चिपचं वेगळं असतं. सिलिकॉनच्या एकाच चकतीवर बनलेल्या चिप सारख्या नसतात. चाचणी करून जिचा जो भरवसा तो वेग छापला जातो. (२०२२ साली वेदांता-फॉक्सकॉनचा चिपचा कारखाना तळेगावला येणार अशी मोठी चर्चा होती. तो गुजरातकडे वळला आणि २०२३ मध्ये फॉक्सकॉनने अंगही काढून घेतलं. नाहीतर ही वर्गवारी मावळातल्या मुलांना घराजवळ पाहता आली असती.) त्यामुळे ‘माझ्या मित्राचं १.६ वर चालतं’ हा दाखला मित्राच्या चिपबद्दल बोलतो, आपल्या नाही. पीएसपीत ३३३ प्रत्येक यंत्राला लागू होतं, कारण ते छापलेलंच होतं.

उलटी तक्रारही येते: ओव्हरक्लॉक केल्यापासून गेम जास्तच पळतो. हे बहुधा घड्याळाचं काम नाही, कारण एम्युलेटर फ्रेमची गती स्वतः आवरून धरतो. आपल्याकडचा जुना टीव्ही पाल पद्धतीचा, सेकंदाला ५० चित्रांचा होता; कॅसेटवाले व्हिडिओ गेम त्याच टीव्हीला जोडले जायचे आणि त्यांतले बरेचसे ५०नेच चालायचे. अमेरिकी किंवा जपानी रॉम ६०ने चालते. लहानपणी ५०वर खेळलेल्याला ६० घाईचं वाटणारच. एम्युलेटरमधला प्रदेश बदलायचा, झालं. वेगाची खरी गरज मग उरते कुठे? निन्टेन्डो ६४सारख्या ठिकाणी. त्याचा प्रोसेसर ९३.७५ मेगाहर्ट्झचा, आणि पीएसपीवरचा डिडॅलस हा एम्युलेटर पूर्ण ३३३ लावूनही त्याचे कित्येक गेम धड चालवू शकत नाही.