शब्द अडतो तेव्हा अंगही अडतं

एसटीची पहिली गाडी 1 जून 1948 रोजी पुणे–अहमदनगर मार्गावर धावली. त्या गाडीइतकाच जुना प्रश्न म्हणजे कंडक्टरचा "कुठं जायचं?" बहुतेकांना त्याचं उत्तर द्यायला क्षणही लागत नाही. तोतरेपणा असलेल्या माणसाला मात्र 'पाथर्डी' म्हणायचं असतं आणि 'प'साठी मिटलेले ओठ उघडतच नाहीत. कंडक्टर मशीनवर बोट ठेवून थांबलेला, मागचे लोक रेटत असलेले. मग कधी कधी तो उच्चारायला सोपा असलेल्या पुढच्या थांब्याचं नाव सांगतो, जास्तीचे पैसे मोजतो आणि पाथर्डीलाच उतरतो.

जगभरात साधारण 100 माणसांत 1 जण असा अडखळतो. 2011 च्या जनगणनेत आपल्या नगर जिल्ह्याची (आताचा अहिल्यानगर) लोकसंख्या 45 लाखांच्या वर होती. त्या हिशेबानं इथं ढोबळमानानं 45 हजार लोक असे असावेत. तरीही या विषयावर पारावर ऐकू येतं ते बहुतेक ऐकीवच.

गैरसमज : जीभ जड आहे. खालची शीर कापली की मोकळी होईल.

वस्तुस्थिती : 1841 मध्ये बर्लिनचे शल्यविशारद योहान डीफेनबाख यांनी रुग्णांच्या जिभेच्या मुळाशी छेद घेऊन पाहिले, तेही भूल देण्याची सोय नसताना. तोतरेपणा काही त्यानं बरा झाला नाही आणि ती शस्त्रक्रिया लवकरच मागे पडली. जिभेचा दोष नाही, हे शाळेच्या परिपाठातही दिसतं. ज्या ज्ञानेश्वरीचं पसायदान राज्यभरातल्या शाळांत म्हटलं जातं, ती याच जिल्ह्यातल्या नेवाशात सांगितली गेली. हजेरीला "उपस्थित" म्हणताना अडकणारं मूल वर्गाबरोबर पसायदान सहसा न अडखळता म्हणतं. जीभ तीच, ओठ तेच. समूहात म्हणताना किंवा गाताना लय बाहेरून मिळते. स्वतःचं वाक्य बोलताना ती मेंदूला स्वतः जुळवावी लागते, आणि अडचण तिथंच येते. जीभ खाली चिकटलेली असणं ही वेगळी तक्रार आहे, तिचा याच्याशी संबंध नाही.

गैरसमज : लहानपणी भेदरला म्हणून असं झालं. किंवा, तोतऱ्याची नक्कल केली म्हणून लागलं.

वस्तुस्थिती : तोतरेपणा बऱ्याचदा घराण्यात असतो. 2010 मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी पाकिस्तानी कुटुंबांच्या अभ्यासातून त्याच्याशी निगडित जनुकीय बदल शोधले. बोलण्याच्या हालचाली जुळवणाऱ्या मेंदूतल्या जोडण्यांमध्येही फरक आढळले आहेत. भीतीनं अडखळणं वाढतं, पण ते भीतीतून जन्मत नाही. नक्कल केल्यानं ते लागत नाही आणि बुद्धीशी त्याचा काडीचा संबंध नाही.

गैरसमज : थोडं ततपप होतं, एवढंच. त्यात त्रास कसला?

वस्तुस्थिती : ऐकणाऱ्याला फक्त अडखळणं ऐकू येतं. बोलणाऱ्याच्या अंगावर त्याहून बरंच काही गुदरत असतं. कधी अक्षर पुन्हा पुन्हा येतं, कधी लांबतं. पण सगळ्यात दमवणारा प्रकार म्हणजे आवाजच बंद होणं. तेव्हा ओठ किंवा जीभ घट्ट दाबली जाते, घशात स्वरतंतू आवळले जातात, छातीत हवा असूनही बाहेर पडत नाही. माणूस जोर लावतो आणि जोर लावला की गाठ आणखी बसते. जबडा ताठरतो, मानेच्या शिरा फुगतात, डोळे मिटतात, मूठ वळते, पाय आपटला जातो. यातल्या काही हालचालींनी एखाद वेळी शब्द सुटलेला असतो, म्हणून शरीर त्या धरून ठेवतं आणि पुढं त्यांचीच सवय होते.

बोलण्याआधीचे कष्ट वेगळेच. पुढच्या वाक्यात अवघड अक्षर कुठं आहे हे मन आधीच हेरून ठेवतं आणि त्याला पर्यायी शब्द शोधतं. किराणा दुकानात 'तूरडाळ' अडली तर 'वरणाची डाळ' म्हणता येतं. स्वतःचं नाव मात्र बदलता येत नाही, म्हणून अनेकांना तेच सगळ्यात जड जातं. फोनवर समोरच्याला चेहरा दिसत नाही. तिथं दोन क्षण शांतता झाली की "हॅलो, हॅलो" होतं आणि फोन कटतो. दिवसभराची ही कुस्ती संपेपर्यंत अंग थकतं, जबडा आणि मान दुखते. काही दिवस अडखळणं खूप असतं, काही दिवस जवळपास नसतं. त्यामुळे "काल तर नीट बोलत होतास" हा टोमणाही ठरलेला.

बाहेरून गप्प दिसणारा माणूस म्हणूनच लाजाळू असेलच असं नाही. त्यानं कदाचित नुसता हिशेब केलेला असतो की या उत्तरासाठी एवढं झुंजायचं का.

गैरसमज : "दम घे, सावकाश बोल" म्हटलं की जमतं.

वस्तुस्थिती : हेतू चांगला असतो, पण ऐकणाऱ्याचं लक्ष आता आपल्या म्हणण्यावरून तोंडाकडे गेलं, एवढंच बोलणाऱ्याला कळतं. ताण वाढतो, गाठ घट्ट होते. त्याचं वाक्य आपण पुरं करणं याहून वाईट. बऱ्याचदा ते चुकीचंच पुरं होतं.

गैरसमज : मोठेपणी आपोआप जाईल. तोवर वेखंड चाटवा, पोपटाचा उष्टा पेरू द्या.

वस्तुस्थिती : यात अर्धं खरं आहे. तोतरेपणा बहुधा 2 ते 5 वर्षांच्या वयात सुरू होतो आणि सुमारे 75 ते 80 टक्के मुलांचा पुढं जातो. त्याचं श्रेय मग वेखंडाला आणि पेरूला मिळतं. उरलेल्या मुलांत मुलगे जास्त असतात. घरात मोठ्या कुणाचा तोतरेपणा टिकलेला असेल, सहा महिने ते वर्ष उलटूनही अडखळणं चालू असेल किंवा मूल बोलताना धडपडताना दिसत असेल, तर वाट पाहू नये. लहान वयातले उपचार अधिक गुण देतात.

गैरसमज : गोळी घेतली की जाईल. किंवा, यावर काही उपायच नाही.

वस्तुस्थिती : तोतरेपणा घालवणारं मान्यताप्राप्त औषध नाही आणि पंधरा दिवसांत हमखास बरं करण्याच्या जाहिरातींना आधार नाही. वाचा उपचार मात्र आहेत. शब्दाची सुरुवात हलकी करणं, अडकल्यावर जोर सोडणं, शब्द टाळणं कमी करणं हे त्यात शिकवलं जातं. काहींचं अडखळणं उरतं, पण झुंज कमी होते. भारतीय पुनर्वसन परिषदेकडे नोंदणी असलेला वाचा उपचारतज्ज्ञ गाठावा. अंगणवाडीत आणि शाळेत तपासणीला येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकालाही मुलाचं अडखळणं सांगता येतं. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था याच क्षेत्रात काम करते.

शाळेत आणि कचेरीत करण्यासारखंही बरंच आहे. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात वाचा-भाषा दिव्यांगत्वाची जी उदाहरणं दिली आहेत, त्यांत तोतरेपणाचं नाव नाही. त्यामुळे तोंडी परीक्षेत चार मिनिटं जास्त देणं हे बऱ्याचदा शिक्षकाच्याच हाती राहतं. हजेरीला हात वर केला तरी चालेल असं सगळ्या वर्गालाच सांगितलं, तर एकट्या मुलाकडे बोट दाखवलं जात नाही. मुलाखतीत "वेळ घ्या, आम्हाला घाई नाही" हे एकदाच सांगून पुढं त्याच्या उत्तराकडे लक्ष द्यावं. आणि बसमध्ये, दुकानात, फोनवर शब्द अडला तर मदतीला धावू नये. त्याला काय म्हणायचंय हे त्याला पक्कं माहीत असतं. आपण त्याच्याकडे बघत थांबावं.