तबेल्यातला सिनेमा आणि एक पदक

हॉलिवूडमध्ये पारितोषिकांना तोटा नाही. त्यांतल्या एका पदकाविषयी मात्र मला विशेष आस्था आहे. अमेरिकन फिल्म इन्स्टिट्यूट, म्हणजे एएफआय, आपल्या चित्रपटशाळेच्या माजी विद्यार्थ्यांना फ्रँकलिन शाफ्नर यांच्या नावाने ते देते.

'पॅटन'साठी ऑस्कर मिळवलेले शाफ्नर मुळात टीव्हीतले. १९५४ साली 'ट्वेल्व्ह अँग्री मेन' पहिल्यांदा सादर झालं ते त्यांच्या दिग्दर्शनाखाली, टीव्हीवर, थेट प्रक्षेपणात. त्याच कथेवरून पुढे सिडनी ल्युमेटचा सिनेमा आला आणि आपल्याकडे बासू चटर्जींचा 'एक रुका हुआ फैसला'. शाफ्नर १९८९ मध्ये गेले. अशा कसबी माणसाच्या नावाचं हे पदक देताना सिनेमा थोर आणि टीव्ही दुय्यम असा भेद केला जात नाही, हे मला फार आवडतं.

एएफआयची शाळा १९६९ मध्ये बेव्हर्ली हिल्समधल्या ग्रेस्टोन या तेलसम्राटाच्या वाड्यात सुरू झाली. पहिल्याच तुकडीत टेरेन्स मॅलिक, पॉल श्रेडर आणि कॅमेरामन केलेब डेशनेल होते. पुढच्या वर्षी आला डेव्हिड लिंच. पुढे हे पदक त्यालाही मिळालं, पण शाळेत असताना त्याने जे केलं त्याला कुठल्याही परीक्षेत गुण मिळाले नसते.

त्याच्या 'इरेझरहेड'ची संहिता जेमतेम २१ पानांची. शाळेला वाटलं, छोटीशी फिल्म होईल. दहा हजार डॉलर मिळाले आणि १९७२ मध्ये वाड्याच्या तबेल्यात सेट उभा राहिला. पैसे संपले, काम थांबलं, पुन्हा सुरू झालं. लिंच तबेल्यातच राहू लागला. पोटासाठी वर्तमानपत्रं टाकायचा. जॅक नान्स या नटाने आपले उभे, विस्कटलेले केस वर्षानुवर्षं तसेच ठेवले. एका प्रसंगात तो दाराची मूठ फिरवतो आणि पुढच्या शॉटमध्ये खोलीत येतो. या दोन शॉट्सच्या मध्ये दीड वर्ष गेलं! पडद्यावर त्याचा मागमूस नाही. ध्वनीवर ॲलन स्प्लेटबरोबर लिंचने अपार मेहनत घेतली. सिनेमा लोकांपुढे आला १९७७ मध्ये.

इतकी वर्षं तबेला त्या मुलाच्या हाती राहू दिला, हे त्या शाळेचं मोठेपण. असं पदक माजी विद्यार्थ्याच्या गळ्यात पडतं तेव्हा शाळेने त्याच्यासाठी काढलेली कळही त्यात असते, असं मला वाटतं.

मानकऱ्यांमध्ये मिमी लेडर आहे. १९७३ मध्ये या शाळेतून छायालेखन शिकून बाहेर पडलेली ही पहिली स्त्री. पुढे 'डीप इम्पॅक्ट'सारखा प्रचंड सिनेमा तिने दिग्दर्शित केला. २०१८ मध्ये पदक मिळालं रेचल मॉरिसनला. 'मडबाउंड'मुळे छायालेखनाच्या ऑस्करसाठी नामांकन मिळवणारी पहिली स्त्री ठरण्याचा मान तिला त्याच वर्षी मिळाला होता. पडद्यामागच्यांची दखल शाळेनेच आधी घ्यायला हवी. कुणाचा हात कशावर बसलेला आहे, हे शाळेइतकं कुणाला ठाऊक असणार?

हे वाचताना पुण्याचा विधी महाविद्यालय रस्ता आठवणं साहजिक आहे. प्रभात स्टुडिओच्या जागेत १९६० मध्ये सुरू झालेल्या एफटीआयआय या चित्रपटशाळेने अडूर गोपालकृष्णन, मणी कौल दिले. ध्वनीसाठी ऑस्कर मिळवणारा रसूल पूकुट्टी दिला. पायल कपाडियाची 'आफ्टरनून क्लाउड्स' ही विद्यार्थिदशेतली फिल्म २०१७ मध्ये कान महोत्सवाला गेली आणि २०२४ मध्ये तिथेच तिने ग्रां प्री जिंकली. मधल्या काळात अभ्यासक्रम रखडतात, पदविका-फिल्म वेळेत होत नाहीत, ही ओरड कितीदा ऐकली! ती अगदीच खोटी नाही. पण हिशेब मांडायचाच तर दुसरी बाजूही मांडायला हवी. म्हणून वाटतं, पुण्याच्या माजी विद्यार्थ्यांचा जेव्हा जेव्हा सत्कार होईल, तेव्हा भाषणांआधी त्यांची शाळेतली फिल्म मोठ्या पडद्यावर दाखवावी. उमेश कुलकर्णीची 'गिरणी' दाखवावी, आणि तिचा ध्वनी, छायालेखन, संकलन करणाऱ्यांनाही पहिल्या रांगेत बसवावं.